शब्दकोश आणि ताईच्या गाडीचं फुस्स

गाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ‘शब्दकोश’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘सर’. त्याला बिचाऱ्याला फक्त हे दुसरं नावच ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्याची छाती फुगलेली असे. काम म्हणाल तर काचेच्या दारामागच्या टेबलाशी बसायचं, गिऱ्हाईक आलं की गाडीला काय झालंय ते ऐकायचं, जॉबकार्डावर लिहायचं आणि ते कार्ड आत शेडमध्ये मिस्त्रीकडे पाठवायचं. बस्स. ऐकायचं आणि लिहायचं. एवढ्याशा कामात मिजास करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण मिजास करणाऱ्याला कारण लागत नाही, आणि ह्याच्याजवळ तर चक्क एक पुस्तिका होती.

नऊ वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या प्रशिक्षणात ती त्याला फुकट मिळाली. गाडीच्या डॅशबोर्डवर जी इंग्रजी आद्याक्षरं उमटतात त्यांचे लांबलचक अर्थ तिच्यात छापलेले होते. एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, टीपीएमएस म्हणजे टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, एसआरएस म्हणजे अमुक, ईपीएस म्हणजे तमुक. सगळी मिळून बावीस पानं. परीक्षेला कधी केली नव्हती इतकी घोकंपट्टी ह्याने त्या बावीस पानांची केली आणि त्या भांडवलावर पुढे नऊ वर्षं टेंभा मिरवला. हातात पाना म्हणून कधी धरला नाही. बॉनेट उघडायची वेळ आली की कळ शोधत स्टिअरिंगखाली चाचपडत राहायचा आणि मग गिऱ्हाइकालाच म्हणायचा, “जरा उघडता का? तुमच्या हाताला सवय असेल.”

गिऱ्हाइकांचा त्याला मनापासून तिटकारा. “माणसं गाड्या घेतात, पण त्या चालवायची लायकी घेत नाहीत,” हे त्याचं आवडतं वाक्य. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक आले. डॅशबोर्डवर काहीतरी लाल पेटलंय, म्हणाले. ह्याने लगेच परीक्षा घेतली. “एसआरएस म्हणजे काय, सांगा बघू?” म्हाताऱ्याला सांगता आलं नाही. “आणि तुम्ही पोरांना शिकवायचात?” असं चार लोकांदेखत म्हणून हा हसला. मुख्याध्यापक खाली मान घालून गाडी घेऊन जे गेले ते पुन्हा त्या दारात फिरकले नाहीत. हा मात्र दिवसभर खुशीत होता. घरी जाऊन बायकोलाही त्याने तो किस्सा सांगितला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “मग त्यांच्या गाडीला झालं काय होतं?” एवढंच तिने विचारलं. ते ह्याने पाहिलंच नव्हतं.

आता त्या जॉबकार्डाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. कार्डाच्या डोक्यावर एक मोठा चौकोन छापलेला असतो: ‘तक्रार, ग्राहकाच्या शब्दांत.’ नियम साधा. गिऱ्हाईक ‘खडखड’ म्हणालं तर खडखड लिहायचं, ‘कुबट वास येतो’ म्हणालं तर कुबट वास लिहायचं. त्याचं कारणही साधं आहे. आत शेडमध्ये जो गाडी खोलतो त्याची आणि गिऱ्हाइकाची गाठ पडत नाही. गाडीवाल्याने काय ऐकलं, काय हुंगलं, पायाला काय जाणवलं, हे त्या चौकोनातून गेलं तरच आत पोचतं.

शब्दकोशाला तो चौकोन म्हणजे स्वतःचा अपमान वाटे. अडाण्यांचं बोलणं मी माझ्या अक्षरात उतरवायचं? मग पुस्तिका काय पाठ केली उगाच? म्हणून तो बोलणं ऐकायचा, अर्ध्यात तोडायचा आणि चौकोनात तीन अक्षरं टाकून द्यायचा. ‘चेक एबीएस.’ ‘चेक ईपीएस.’ वळणदार अक्षर, खाली रेघ. मिस्त्रीने दोन-तीनदा सांगून पाहिलं, “सर, ते काय म्हणाले तेवढं जरा लिहीत जा हो.” ह्यावर शब्दकोश म्हणाला, “मी निदान लिहून देतो आणि तुम्ही गाऱ्हाणी मागताय.” मिस्त्रीने हात टेकले. पंचवीस वर्षं इंजिनात कोपरापर्यंत हात घालून काम करणारा माणूस, पण बोलायच्या बाबतीत गरीब. कार्डावर असेल तसं करायचं, ही त्याच्या कामाची रीत.

शब्दकोशाला एक थोरली बहीण होती. नऊ वर्षांनी मोठी. आई कामाला जायची तेव्हा ह्याला कडेवर घेऊन फिरली ती हीच, आणि पाटीवर ह्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली तीही हिनेच. ती नर्स होती. आधी मोठ्या इस्पितळात, आणि नंतर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. शीर सापडत नाही म्हणून डॉक्टर जिथे हात मागे घेत तिथे ताईचा उजवा हात एका टोचणीत काम करी. म्हातारी माणसं तिची वाट बघत बसत. अशा कामासाठी तिने एक जुनी छोटी गाडी घेतली होती आणि तिचे निम्मे रोगी टेकडीवरच्या वस्तीत राहत. वर जाणारा रस्ता चांगलाच चढाचा, उतरताना तीन तीव्र वळणं, आणि शेवटी थेट मोठ्या रस्त्याला मिळणारा.

ताईला आद्याक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं. डॅशबोर्डवरच्या दिव्यांना तिने स्वतःची नावं दिली होती. इंजिनचा दिवा म्हणजे कासव, ऑइलचा म्हणजे किटली, टायरचा म्हणजे कढई. भाऊ हे ऐकून कपाळाला हात लावायचा. “ताई, निदान चारचौघांत तरी असलं बोलू नकोस. लोक म्हणतील, ह्याची बहीण आणि इतकी अडाणी.” माणसाच्या अंगातली शंभर हाडं नावानिशी सांगणाऱ्या बाईला हा अडाणी म्हणत होता. ती हसून सोडून द्यायची. चुकलं तिचं. तेव्हाच एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

एका मंगळवारी सकाळी ती वर्कशॉपमध्ये आली.

“छोट्या, कासव पेटलंय रे,” ती म्हणाली. घरात त्याला छोट्या म्हणत आणि ते टेबलाशी ऐकायला त्याला मुळीच आवडत नसे.

“इंजिन लाइट म्हण. बैस. अजून काय?”

“कासवाचं जाऊ दे, ते बिनकामाचं पेटलेलं असेल. पण गाडी उभी असताना जास्त घुरघुरते. आणि मधल्या पेडलवर पाय दाबला की आतून फुस्स होतं. माझ्या पायापाशीच, सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते ना, तस्सं. आणि काल टेकडीवरून उतरताना ब्रेक असा घट्ट झाला, दगडावर पाय ठेवावा तसा. दोन्ही पाय लावले तेव्हा थांबली. मी घाबरले रे.”

ह्याहून चांगली तक्रार त्या टेबलासमोर नऊ वर्षांत कुणी सांगितली नव्हती. पाना धरता येणाऱ्या कुणाचंही एवढ्यावरून अर्धं काम झालं असतं. का, ते सोप्या शब्दांत सांगतो. इंजिन हवा आत ओढतं. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते, पण इंजिन ओढतच राहतं, म्हणून आतल्या नळकांड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी होतो. तो दाब किती उरला हे मोजणारा अंगठीच्या डबीएवढा एक सेन्सर तिथे बसवलेला असतो. त्याचंच नाव एमएपी, आणि इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते गाडी त्याच्या सांगण्यावरून ठरवते. ब्रेकही त्याच ओढीवर चालतो. नळकांड्यातून एक जाड रबरी नळी ब्रेकच्या डब्याकडे जाते आणि ती ओढ तुमच्या पायाला जोर देते. ही नळी चिरली की दोन गोष्टी होतात. चिरेतून बाहेरची हवा आत शिरते, आतला दाब वाढतो, सेन्सर इमानदारीने वाढलेला दाब सांगतो आणि दिवा पेटतो. आणि पायाला मिळणारा जोर जातो.

ताईच्या गाडीची ती नळी चिरली होती. खालच्या बाजूने, वरून बघणाऱ्याला दिसणार नाही अशी. बाई टेकडीवरून रोज दोनदा खाली येत होती.

शब्दकोशाने स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे हातात धरायचं यंत्र, गाडीला जोडलं की बिघाडाचा आकडा दाखवतं. ह्याच्या मते ते यंत्र म्हणजे पुस्तिकेचीच धाकटी बहीण. यंत्राने सांगितलं की नळकांड्यातला दाब अपेक्षेपेक्षा जास्त आहे. ह्याचा चेहरा उजळला.

“बघ. एमएपी. मॅनिफोल्ड अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर. सेन्सर गेलाय.”

“आणि ते फुस्स?”

“ताई, इंजिनात शेकडो आवाज असतात.”

“पण ब्रेक घट्ट झाला होता रे.”

“चढ-उताराला तसं वाटतं. तू घाबरून पाय आखडला असशील. तुझं काम सुया टोचायचं, ते कर. गाडीचं आमच्यावर सोड.”

आणि त्या छापलेल्या चौकोनात त्याने लिहिलं: ‘एमएपी सेन्सर बदला.’ वळणदार अक्षर, खाली रेघ. फुस्स नाही, घट्ट नाही, दोन्ही पाय नाहीत. सख्ख्या बहिणीने समोर बसून सांगितलेलं ह्या माणसाने माशी झटकावी तसं झटकलं.

मिस्त्रीने आत कार्ड वाचलं आणि सेन्सर बदलला. मग इंजिन चालू करून स्कॅनरवर दाब पाहिला. उभ्या गाडीत तो पस्तीसच्या आसपास दिसायला हवा. जुना सेन्सर साठ दाखवत होता, नवाही साठच दाखवत होता. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यात कुठला बारीक आवाज ऐकू येणार? मिस्त्री हात पुसत काचेच्या दारापर्यंत आला.

“सर, नवाही तेच सांगतोय. कुठून तरी हवा घेतेय गाडी. गिऱ्हाइकाला काही आवाज-बिवाज येतो का? ब्रेकचं काही म्हणाले का?”

इथे काय सांगायचं ते शब्दकोशाच्या जिभेवर होतं. अर्ध्या तासापूर्वी ऐकलेलं, शब्द न् शब्द. पण ते सांगायचं म्हणजे कार्डावर आपण लिहिलेलं चूक होतं हे मान्य करायचं, तेही तेलकट हातांच्या माणसापुढे. पुस्तिका जिंकली.

“काही म्हणाले नाहीत,” तो म्हणाला. “नवा सेन्सर आहे, गाडी चालली की जुळवून घेईल. दिवा घालवा आणि गाडी द्या. बाईंना पेशंटकडे जायची घाई आहे.”

दिवा स्कॅनरने घालवता येतो. दुखणं तसंच ठेवून रडणं तेवढं बंद करता येतं. मिस्त्रीने तो घालवला, मनाविरुद्ध, पण घालवला. ताईने गाडी चालू करून पाहिली. कासव दिसत नव्हतं. “झालं ना रे नक्की?” तिने विचारलं. “ताई, मी स्वतः बघितलंय,” असं हा म्हणाला, आणि भाऊ म्हणतोय म्हणजे झालंच असेल, असं धरून ती गेली.

शुक्रवारी दुपारी टेकडीवरून उतरताना पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्या वळणावर अर्धा लागला. तिसऱ्यावर पेडल दगड झालं. पुढे मोठा रस्ता, त्यावर शाळा सुटलेली. ताईने दोन्ही पाय दाबले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडच्या दगडी बांधावर घातली. पोरं वाचली, तीही वाचली. स्टिअरिंगने उलटा झटका दिला आणि तिच्या उजव्या हाताचं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

आता वर्कशॉपची धावपळ पाहण्यासारखी होती. मंगळवारी इथून दुरुस्त होऊन गेलेली गाडी, शुक्रवारी ब्रेक गेला. बांधावरून ओढून आणलेली ती गाडी शेडमध्ये उभी राहिली. मिस्त्रीने कॉम्प्रेसर बंद करायला लावला, खाली आडवा झाला आणि दोन मिनिटांत नळीची चीर बोटाने चाचपून दाखवली. दाखवून झाल्यावर तो तिथेच बसून राहिला. कारण गाडी सोडल्याची सही त्याची होती.

मॅनेजर साहेबांनी दहाव्या दिवशी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ते कार्ड होतं. एका बाजूला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला शब्दकोश, आणि खुर्चीवर कोपरापर्यंत प्लास्टर घातलेली ताई. विम्याच्या लोकांना लेखी हवं होतं आणि साहेबांना एक मान हवी होती. ती मिस्त्रीचीच असणार, हे त्यांनी बहुधा आधीच ठरवून टाकलं होतं.

“कार्डावर ब्रेकचा शब्द नाही,” साहेब म्हणाले. “मिस्त्री, पण गाडी देण्याआधी ब्रेक बघायला नको? एवढी वर्षं काढलीत इथे. असं असेल तर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही.”

मिस्त्री एवढंच म्हणाला, “मी सरांना विचारलं होतं, ब्रेकचं काही म्हणाले का म्हणून.”

साहेब शब्दकोशाकडे वळले. “विचारलं होतं?”

केबिनमधला पंखा फिरत होता. ताई भावाकडे बघत होती. रागाने नाही. लहानपणी पाटीवर तो अक्षर चुकवायचा आणि आपलं आपण सुधारतोय का म्हणून ती थांबायची, तशी ती थांबली होती. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्याने मिस्त्रीची भाकर वाचली असती, आणि थोडी ह्याची स्वतःचीही लाज.

“विचारलं असेल,” शब्दकोश म्हणाला. “पण ग्राहकाने जे सांगितलं तेच मी कार्डावर लिहिलंय. दिव्याचं सांगितलं होतं. बाकी… तांत्रिक असं काही सांगितलं नव्हतं.”

ग्राहक! आपल्याला कडेवर घेऊन फिरलेल्या बाईला, तिच्या तोंडावर, हा ग्राहक म्हणाला. मी अनेक भित्री माणसं पाहिलीत, पण वळणदार अक्षरातला हा भित्रेपणा मला सगळ्यांत किळसवाणा वाटतो.

ताईने मान वळवली ती साहेबांकडे.

“एक कोरा कागद घ्या,” ती म्हणाली. “मी सांगते, तुम्ही लिहा. मी बोलते तसंच लिहा, सुधारू नका.”

साहेबांनी लिहायला घेतलं. ती सावकाश सांगत गेली, रोग्याचा ताप सांगावा तशी. मंगळवारी सकाळी साडेनऊला काय सांगितलं, ते कुणाला सांगितलं, त्याने काय उत्तर दिलं. गाडी उभी असताना घुरघुरत होती. पेडल दाबलं की फुस्स. ब्रेक दगडासारखा, दोन्ही पाय लावले तेव्हा थांबली. ‘तुझं काम सुया टोचायचं, ते कर’ हेही सांगितलं. ते लिहिताना साहेबांचं पेन जरा अडखळलं, पण त्यांनी लिहिलं. शेवटी ती म्हणाली, “ह्यात मिस्त्रींचा दोष नाही. हेही लिहा.” मिस्त्रीने तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं.

“खाली सही लागेल,” साहेब म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

“ह्या हाताने व्हायची नाही,” ताई म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, बोटं हलतील. सुई धरण्याइतका नेम मात्र परत येईल असं वाटत नाही.” ते तिने अगदी साधेपणाने सांगितलं.

“डाव्या हाताची सही विमावाले मानत नाहीत,” साहेब ओशाळून म्हणाले. “अंगठा चालेल.”

शाईचा पॅड कपाटावर होता. साहेबांनी कागद दोन्ही हातांनी सपाट धरला होता, मिस्त्रीचे हात तेलाचे होते. शब्दकोशाने पॅड काढला, उघडला आणि बहिणीपुढे धरला. तीस वर्षं रोग्यांचे तक्ते भरणाऱ्या त्या बाईने डावा अंगठा शाईत दाबला आणि आपल्या बोलण्याखाली उठवला.

शाई पुसायला शब्दकोशाने घाईघाईने आपला रुमाल पुढे केला. तिने तो पाहिला आणि अंगठा आपल्या प्लास्टरलाच पुसला.